कुलपाचा करार

११ जानेवारी

प्रिय गोली,

अनेक आशीर्वाद. ते द्यायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही. पण आशीर्वाद घेताना कुणी कागदपत्रं तपासत नाही, तेव्हा घेऊन टाक.

एकाच गावात राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. फोनवर मला बोलता येत नाही, हे तू जाणतेस. ‘हॅलो, जेवलीस का, बरं, ठेवतो’ यापुढे माझी गाडी कधी गेली नाही. आणि तुझ्या दारात येऊन उभा राहीन म्हटलं, तर कुठल्या नात्याने? तुमचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. मुलाचा बाप म्हणून आलो तर तू अवघडशील. नातीचा आजोबा म्हणून यावं, तर भुंगा रविवारी आमच्याकडेच असते, दिवसभर घरात गुणगुणत फिरते. राहता राहिली हॉकी. तर हॉकीबद्दल लिहितो.

काल तुझ्या डाव्या पायाजवळून जो गोल गेला, त्यावरून स्टँडात रण माजलं. तुझा करार मे महिन्यात संपतोय आणि तो आणखी तीन वर्षं वाढवायचा की नाही ते मार्चमध्ये सभासदांच्या सभेत ठरणार, असं सेक्रेटरीने जाहीर केल्यापासून लोकांना सामना बघायला फुरसत नाही. चेंडू कुठे का असेना, यांचं आपलं चालूच.

सुरुवात केली न्हाव्याने. कोपऱ्यावरच्या दुकानाचा, तोच. म्हणाला, “कुलूप गंजलं. गंजलेल्या कुलपाला तीन वर्षं तेल घालत बसायचं का?”

अंतिम सामन्यात शूटआउटचे पाचही फटके तू अडवलेस, तेव्हा तुला ‘कुलूप’ हे नाव यानेच ठेवलं होतं. तेव्हा नाचत होता खुर्चीवर. आता बघ.

मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे उशी घेऊन पुढच्या रांगेत होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज नाही झाला निवृत्त. मागे न वळताच म्हणाल्या, “कुलूप गंजलं म्हणून तू घरी दार सताड उघडं टाकून झोपतोस का रे?”

“नवं आणतो, बाई. बाजारात ढीगभर मिळतात.”

“ती ढीगभर मिळतात ना, ती किल्लीशिवायही उघडतात.”

यावर बाकं बडवली गेली. न्हावी ऐकतो होय! म्हणाला, तिची चौतिशी आली, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याच पैशात दोन तरुण पोरी येतील. मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि म्हटलं, “ऑपरेशननंतर तिने किती सामने वाचवले ते आधी आठव!”

“अण्णा, तुम्ही यात पडू नका. तुमची सून होती ती.”

‘होती’वर त्याने असा काही जोर दिला की शेजारची चार डोकी वळली.

मी ओरडलो, “सून होती, गोलकीपर आहे!”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं राहिलं, म्हणून हे पत्र.

आणखी एक. तुला वाटत असेल अण्णांनी स्टँड सोडला. नाही सोडला. पूर्वी मी तुझ्या गोलच्या मागे बसायचो, आता समोरच्या गोलमागे बसतो. मध्यंतरात बाजू बदलल्या की उठून पलीकडे जातो. तिथून तू करंगळीएवढी दिसतेस, पण तोंड माझ्याकडे असतं.

काय लिहिताय म्हणून ही आत्ताच विचारून गेली. म्हटलं, एका घराच्या रंगकामाचा अंदाज. ही म्हणाली, “बंगला दिसतोय मोठा. तिसरं पान चाललंय.”

डाव्या पायाला जप.

अण्णा


८ फेब्रुवारी

प्रिय गोली,

तुझं कार्ड मिळालं. ‘अण्णा, पत्र पोचलं. पाय बरा आहे. लिहीत जा.’ एवढ्या मजकुरात मी पंधरवडा काढला. तू बोलायलाही अशीच होतीस, जरुरीपुरती. आमच्या घरात मी आणि ही इतकं बोलायचो की तुला मध्ये फट सापडत नसावी.

‘लिहीत जा’ म्हणालीस, आता भोग.

न्हाव्याच्या दुकानाचं छत रंगवायचं काम मला मिळालं. खरं सांगू? मिळालं नाही, मी मागून घेतलं. छत घासून, भेगांत लांबी भरून, प्रायमर मारून होईपर्यंत मी कराराचा क सुद्धा काढला नाही. त्याला वाटलं म्हातारा विसरला. रंगाच्या शेवटच्या हाताला मी शिडीवर आणि तो खाली एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावतोय, तेव्हा वरून म्हटलं, “तुझा हा वस्तरा किती वर्षांचा रे?”

“वडिलांचा आहे,” तो अभिमानाने म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. “अण्णा, वस्तऱ्याला गुडघे नसतात!”

“पण धार असते ना? ती बघायची.”

“धार रोज लावावी लागते.”

“ती पण रोज सकाळी मैदानावर असते. तू दुकान उघडायच्या आधी.”

“असेना! तीन वर्षांनी ती सदतिशीची होईल. सदतिसाव्या वर्षी माणसाने वाकून चपला घालाव्यात, पेनल्टी कॉर्नर अडवू नयेत.”

इथे मी हात नाचवून बोलायला गेलो आणि रोलरमधला पांढरा रंग टपकन गिऱ्हाइकाच्या कपाळावर. तो बिचारा पोस्टमन निघाला, आणि क्लबचा सभासदही निघाला. डोळे मिटूनच म्हणाला, “तुमचं काही ठरलंय का? माझी बटवड्याची वेळ झालीय.”

न्हावी म्हणाला, “तूच सांग. कुलूप ठेवायचं की काढायचं?”

पोस्टमन म्हणाला, “माझी बायको आजारी होती तेव्हा मी सामन्यांना येत नव्हतो. परत आलो तर नवीन पोरी, नवीन कोच, नवीन गणवेश. मला वाटलं मी दुसऱ्याच गावात आलो. मग गोलमध्ये बघितलं तर ही उभी. पैशाचं मला कळत नाही. पण मला ती तिथे हवी.”

न्हाव्याने मान वर करून छताकडे पाहिलं. फेस वाळायला लागला तरी हातातला वस्तरा तसाच. मग म्हणाला, “बरं, एक वर्ष. एका वर्षाला माझी ना नाही.” शिडी उतरेपर्यंत मी त्याला दोनवर आणलं आणि चहा पिईपर्यंत तीनवर. मजुरीत थोडी सूट द्यावी लागली, ते हिला सांगू नकोस.

तेव्हापासून मी घरोघर हिंडतोय. ज्याचं दार रंगवायचं त्याच्या दारात तुझी गोष्ट. मास्तरीणबाई म्हणतात, इतका उत्साह तुम्ही मुलाच्या लग्नातही दाखवला नव्हता.

ही मात्र काल जेवताना म्हणाली, “तुम्हाला नक्की काय हवंय? गोलकीपर, की नात?”

मी विचारलं, याचा अर्थ काय? तर म्हणे, “अर्थ तुम्हाला कळलाय, म्हणून तर घास हातात राहिलाय.”

बायकांना काहीही सुचतं.

अण्णा


१ मार्च

प्रिय गोली,

विचारणार नव्हतो. भुंगा आपणहून बोलली.

आज सकाळी मी तिला रंगांच्या नमुन्यांची पुस्तिका दाखवत होतो. एका निळ्यावर बोट ठेवून म्हणाली, “आजोबा, तिथला समुद्र असा आहे?” कुठला समुद्र? “आई फोनवर एका मावशींशी बोलते ना, त्यांच्याकडचा. तिथे आई मोठ्या मुलींना गोल अडवायला शिकवणार. आणि थोडं थोडं खेळणार. पण अजून नक्की नाहीये. तुम्हाला सांगायचं नव्हतं का?”

मी म्हटलं, “छे, मला माहीतच होतं.” आणि पुस्तिका उलटी धरून वाचायला लागलो.

संध्याकाळी भुंगाचा बाबा तिला तुझ्याकडे सोडून परत आला आणि खुर्चीत बसून राहिला. तो असा बसला की समजायचं, काहीतरी पोटात आहे. शेवटी त्यानेच सांगितलं. तू त्याला स्पष्ट म्हणालीस म्हणे, की इथल्या क्लबने ठेवलं तर कुठेही जाणार नाही, नाही ठेवलं तर तिकडचं बोलावणं स्वीकारावं लागेल, आणि मग भुंगाला घेऊन जायला त्याची संमती लागेल.

“मग तू काय म्हणालास?” मी विचारलं.

“म्हणालो, आधी सभा तर होऊ दे.” मग जरा वेळाने, “अण्णा, तुम्ही लोकांना पटवताय ते मला माहीत आहे. तुमच्यामुळे मला ‘नाही’ म्हणायची वेळ येणार नाही. तुम्ही लगे रहा.”

मुलगा माझा. असा प्रेमाने बापावर ओझं टाकतो की उचलताना बरंच वाटतं.

तर मी लगे राहिलोय. तिकडचा क्लब कसा आहे, घर देतात की नाही, शाळा जवळ आहे का, असलं काहीही मी विचारत नाही. समुद्राकाठी हवा खारट असते आणि लोखंड लवकर गंजतं, एवढं मात्र रंगारी म्हणून सांगून ठेवतो.

अण्णा


१६ मार्च

गोली!

जिंकलीस!

सेक्रेटरी तुला रीतसर कळवेलच, पण मी आधी. क्लबचा हॉल खचाखच. खजिनदाराने उभं राहून सांगितलं की भावनेवर क्लब चालत नाही, करार म्हणजे पुढच्या खेळाची किंमत असते, मागच्या खेळाचं बक्षीस नव्हे. चूक नाही बोलला. पण त्यानंतर कोण उठला असेल? न्हावी! म्हणाला, “साहेब, मागचा खेळ गेला कुठे? तो हिच्यातच आहे ना? फॉरवर्ड पोरगी कुठल्या खांद्याने फसवते ते हिला चेंडू यायच्या आधी कळतं. ते तुमच्या वीस वर्षांच्या पोरीला कळायला किती वर्षं पोसायची तिला?”

हे सगळं मी त्याला शिडीवरून सांगितलेलं. माझंच वाक्य, पण त्याच्या तोंडी जास्त शोभलं.

पोस्टमन बोलला. मास्तरीणबाई इतक्या बोलल्या की शेवटी सेक्रेटरीने घंटी वाजवली, तर त्या त्यालाच “खाली बस” म्हणाल्या, आणि तो बसला. त्यांचा विद्यार्थी आहे तो! मग हात वर. वर गेलेल्या हातांनी मला समोरची भिंत दिसेना.

तीन वर्षं. पूर्ण तीन.

मी बोललो नाही. गरजच पडली नाही. पण बाहेर आलो तर लोक माझ्याच पाठीवर थापा मारत होते.

आता उशीर करू नकोस. कागद आला की सही करून टाक.

अण्णा


२४ मार्च

प्रिय गोली,

सही केली नसशील तर करू नकोस.

परवा रविवारी भुंगा आमच्या जिन्यावर खेळत होती. वर जायची, आणि उतरताना पाठ खालच्या बाजूला, तोंड वरच्या पायऱ्यांकडे, दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी खाली. मला गंमत वाटली. म्हटलं, काय गं, शिडीवरून उतरतेस का आजोबांसारखी? म्हणाली, “नाही, मी आई झालेय. आई सकाळी अशीच उतरते.” का? “पुढून उतरलं की आई स्स करते. मग दूधवाले काका बघतात. उलटं उतरलं की स्स होत नाही.”

ती सांगत होती आणि मी खालच्या पायरीवर बसून घेतलं.

मी शिडीवर आयुष्य काढलंय. माझे दोन्ही गुडघे पाऊस यायच्या आधी मला सांगतात. पण मी पंचाहत्तरीला टेकलोय, तू चौतीस. त्या गुडघ्यावर तीन वर्षं? दर शनिवारी तीच धाव, तीच उडी, टर्फवर तेच आपटणं? आणि नंतर? भुंगा मोठी होऊन पुढे पळेल आणि तू मागून कठडा धरून येशील?

‘पाय बरा आहे’ असं लिहिलं होतंस. कार्डावर जागा कमी होती म्हणून असेल.

मी हे घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. न्हाव्याला तर नाहीच. लोकांनी तुला ठेवलं ते मनापासून ठेवलं. त्यांना पायऱ्या माहीत नाहीत. ती तुझी तुला ठाऊक असलेली गोष्ट आहे, ती तुझीच राहील. पण मी आता तुला ‘राहा’ म्हणू शकत नाही. तिकडे थोडं खेळायचं आणि जास्त शिकवायचं, असं भुंगा म्हणाली. म्हणजे तुला जे जे येतं ते राहील आणि गुडघाही राहील. याहून चांगलं मी काय मागणार तुझ्यासाठी?

ही म्हणाली होती ते खरं होतं. मला नात हवी होती. अजूनही हवीय. त्याला काही इलाज नाही.

भुंगाच्या बाबाशी बोललो. त्याला जिन्याचं सांगितलं, कारण त्याला सांगायलाच हवं होतं. तो उठला आणि मोरीत जाऊन माझे ब्रश धुवायला लागला. धुतलेलेच होते. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की असंच करायचा.

पाणी बंद करून म्हणाला, “तुम्ही तर तिला राहायला लावणार होतात.”

“लावलं की. सभा जिंकली. आता जाऊ दे तिला.”

“आणि मी? मी पोरीला कधी बघायचं?”

“आगगाडीने जायचं आणि बघायचं. शाळेच्या सुट्टीत घेऊन यायचं. दुसऱ्यांच्या पोरींचे बाप नोकरीसाठी परदेशात असतात, तुला तर एक रात्र गाडीत बसायचंय.”

“तुम्हाला सोपं वाटतंय, अण्णा.”

मी म्हटलं, “नाही रे. मलाही यातलं काहीच सोपं वाटत नाहीये. पण ती आपल्यासाठी ‘स्स’ करतेय, आणि आपण दोघे टाळ्या वाजवतोय.”

त्याने ब्रश ओळीने पालथे घालून ठेवले आणि तो गेला. संमती देईल की नाही, माहीत नाही. माझा मुलगा वाईट नाही, हे तूही मान्य करशील. तुमचं जमलं नाही एवढंच. त्याला थोडे दिवस दे. तो सावकाश चालतो, पण बहुतेक वेळा योग्य जागी पोचतो.

निर्णय मात्र तुझा. तू सही केलीस तर पहिल्या शनिवारी मी तुझ्या बाजूने सगळ्यांत मोठ्याने ओरडेन, आणि पायऱ्यांचं नाव काढणार नाही.

अण्णा


७ जून

प्रिय गोली,

हे पत्र तुझ्या नव्या पत्त्यावर पहिलं. पोचलं की कळव, नाहीतर आमचा पोस्टमन रागावेल. त्याने स्वतः वजन करून तिकीट लावलंय.

इकडची हकीकत अशी. तू सही न करता जातेस हे कळल्यावर न्हाव्याने दोन आठवडे माझ्याशी अबोला धरला. “माझ्याकडून सभेत भाषण करवून घेतलंत, आणि ही निघाली समुद्राची हवा खायला!” मी ऐकून घेतलं. तुझ्या शेवटच्या सामन्याला तो येणार नव्हता. आला. पूर्ण वेळ हाताची घडी घालून बसला आणि तू हेल्मेट काढून आमच्या स्टँडकडे हात केलास तेव्हा सगळ्यांआधी उठून उभा राहिला. मग मला म्हणाला, “धूळ गेली डोळ्यात.” टर्फवर धूळ कुठली? पण मी रुमाल दिला.

आता नव्या पोरीच्या करारावरून भांडण सुरू आहे. तिला त्यांनी ‘कडी’ नाव दिलंय. कुलपाइतकी नाही, पण दार तर लागतं.

स्टेशनवर भुंगाच्या बाबाने तुमच्या बॅगा चढवल्या आणि गाडी वेग घेईपर्यंत खिडकीच्या गजाला धरून चालत राहिला, ते तू पाहिलंस. संमतीच्या कागदावर सही करून त्याने तो कसा तुझ्या हातात दिला ते तूच पाहिलं असशील, मला त्याने सांगितलं नाही. गेल्या शनिवारी मात्र तो मुकाट्याने माझ्याबरोबर सामन्याला आला. त्याला पेनल्टी कॉर्नर कशाला म्हणतात तेही नीट माहीत नाही. इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून! मी समजावून सांगितलं. बसून राहिला शेवटपर्यंत.

आणि ही. स्टेशनवर येणार नाही म्हणाली होती, पण माझ्याआधी चपला घालून तयार. शेकायची पिशवी तुझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, “गुडघा शेकत जा, आळस करू नको.” दोन वर्षांत तिचं तुझ्याशी एवढंच बोलणं. पण मी हिला चाळीस-पन्नास वर्षं ओळखतो. हिच्या तोंडून यापेक्षा जास्त मायेचं मीही कधी ऐकलेलं नाही.

तुमच्या नव्या घराच्या भिंती आजारी माणसासारख्या पिवळ्या आहेत असं भुंगाने फोनवर सांगितलं. तिकडे तुझे सामने सुरू झाले की येतो. रंग इथून आणतो, तिकडचे दुकानदार मला ओळखत नाहीत.

अण्णा


१९ ऑक्टोबर

प्रिय गोली,

सुखरूप पोचलो. भुंगाच्या खोलीला दिलेला दुसरा हात नीट वाळल्याशिवाय कपाट भिंतीला टेकवू नकोस. खिडकीच्या चौकटीला मी गंज न धरणारा रंग दिलाय, तरी वर्षाने एकदा बघावं लागेल. म्हणजे मलाच यावं लागेल.

तुला एक गोष्ट तिथे असताना सांगितली नाही. तू मैदानावरून थकून आली होतीस, जिना नीट पुढे तोंड करून चढलीस-उतरलीस, ते बघून मला इतकं बरं वाटलं की बाकी सगळं राहून गेलं. पण आता सांगायलाच हवं, कारण त्यात तू अडकली आहेस.

शनिवारी भुंगा मुलींबरोबर खाली कुंपणाशी होती आणि मी अनोळखी लोकांत वर बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ, हातात थर्मास, बोटी दुरुस्त करणाऱ्यासारखे काळे पडलेले हात. तू दुसरा गोल सोडलास. तो थर्मासचं झाकण आपटून म्हणाला, “कशासाठी आणली ही बाई? दोन वर्षांचा करार! आमच्याकडे काय पैसे उतू चाललेत?”

मी ठरवलं होतं, परक्या गावात बोलायचं नाही. पाहुणा आहे, पाहुण्यासारखं बसायचं. दोन मिनिटं बसलोही.

मग म्हटलं, “तो गोल तिचा नव्हता. तुमची उजवी बॅक कुठे उभी होती ते पाहिलंत का?”

“पाहिलं. पण ही पुढे कशाला धावली?”

“पुढे धावली म्हणून एकच गेला. नाहीतर त्या हल्ल्यात दोन जाणार होते.”

“एका हल्ल्यात दोन गोल कसे जातील हो?” तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मी जरा जास्तच बोललो होतो. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या नखांत भुंगाच्या खोलीचा निळा रंग. म्हणाला, “इथले दिसत नाही तुम्ही. तिचे कोण?”

आता बघ, गोली. उत्तर सोपं होतं. तिच्या मुलीचा आजोबा, असं म्हणता आलं असतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तोंडातून निघालं ते निघालं.

“मी तिचा बाप.”

तुला विचारलं नव्हतं. तुझे वडील तू शाळेत जायच्या आधीच गेले, एवढंच तू एकदा म्हणाली होतीस आणि नंतर तो विषय कधी काढला नाहीस. त्यांची जागा घ्यायचा माझा विचार नव्हता. पण शब्द बाहेर पडला आणि परत घ्यावा असं काही वाटेना.

तो गृहस्थ एकदम बदलला. सरकून मला ऐसपैस जागा करून दिली, बाक ओलं होतं म्हणून आपलं वर्तमानपत्र अंथरून दिलं, थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. म्हणाला, “राग मानू नका. आम्ही हरलो की असंच बोलतो. मला पण मुलगी आहे.” थोडा वेळ खेळ बघितला. तू तो कोपऱ्यातला फटका पायाने बाहेर काढलास, तेव्हा त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मग विचारतो कसा, “लहानपणापासून अशीच का? अशीच पुढे धावायची?”

मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस. आमच्या दारात उभी, खांद्यावर ती अवाढव्य बॅग. त्याआधीचं मला काय ठाऊक?

म्हटलं, “लहानपणापासून.”

आणि मग मला थांबता आलं नाही. मी त्याला सांगितलं की तू चार वर्षांची असताना रंगाच्या डब्यांची झाकणं सुतळीने पायाला बांधून दारात उभी राहायचीस, आणि मी कामावरून आलो की आत यायला मला चेंडू टाकून गोल करावा लागायचा. अर्धा अर्धा तास मी बाहेर. शेजाऱ्यांच्या खिडकीची काच तू फोडलीस आणि मी म्हणालो मी फोडली. एकदा मी ताजी रंगवलेली भिंत तू दोन्ही हातांनी अडवलीस, का तर ती पडतेय असं तुला वाटलं, आणि तुझे पंजे त्यावर उमटले. मी तेवढा भाग पुन्हा कधी रंगवला नाही. घर बदललं तोवर ते तसेच होते.

तो हसत हसत डोळे पुसत होता. मीही. सांगताना मला ती भिंत स्पष्ट दिसत होती. निळी होती.

तर अडचण अशी आहे. तो दर शनिवारी तिथेच बसतो. सामना संपल्यावर कुंपणाशी येतो, असं म्हणाला. तुला गाठून त्या झाकणांचं विचारेल, काचेचं विचारेल, भिंतीचं तर नक्कीच विचारेल. तू जरुरीपुरतंच बोलतेस, ते बरं आहे. फक्त मान डोलाव आणि ‘हो’ म्हण.

बापाला चारचौघांत खोटं पाडू नकोस.

अण्णा